काका, पुतण्या आणि मुंबई बंदर

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. शाळांतून प्रदर्शने भरतात, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या छायाचित्राला हार घातला जातो. ज्यांच्या शोधाच्या नावाने हा दिवस आहे ते रामन विद्यार्थी म्हणून परदेशी कधीच गेले नाहीत, ही गोष्ट भाषणांत अभिमानाने सांगितली जाते. मात्र त्यांनी जायचे नाही असे ठरवले नव्हते. त्यांना जाऊ दिले गेले नाही. आणि २३ वर्षांनी त्याच घरातला एक १९ वर्षांचा मुलगा मुंबई बंदरातून बोटीत बसून केंब्रिजला गेला व पुन्हा राहण्यासाठी कधी परतला नाही. तो रामन यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. (मराठी माणसाला काका आणि पुतण्या हे शब्द जोडीने ऐकले की भलतेच काही आठवते, येथे तसे काही नाही.)

हे लिहिण्यास कारण घडले ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आहे. पीएच.डी.साठी बाहेर जावे की येथेच राहावे, असे तिने मला विचारले. पत्राच्या शेवटी, जाता जाता, ‘घरची थोडी अडचणही आहे’ असे एक वाक्य होते. मी तिला दोन्हीकडचे फायदेतोटे सांगणारे, नीटनेटके आणि बहुधा निरुपयोगी उत्तर पाठवले. नंतर या काका-पुतण्यांच्या चरित्रांकडे पुन्हा वळले, तेव्हा माझे उत्तर कोठे चुकले ते हळूहळू दिसू लागले.

प्रथम काकांची हकीकत. रामन १९०४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.ए. झाले आणि जानेवारी १९०७ मध्ये एम.ए. झाले. त्या वेळी त्यांचे वय १८ होते. एम.ए.चा निकाल लागण्याआधीच, नोव्हेंबर १९०६ मध्ये, आयताकृती फटीतून जाणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनावरचा त्यांचा लेख लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापून आला होता. असा विद्यार्थी इंग्लंडला जाणार, हे शिक्षकांनी गृहीतच धरले होते. त्या काळी हुशार हिंदी तरुणापुढे तोच रस्ता होता, आय.सी.एस.ची परीक्षासुद्धा लंडनलाच होत असे. पण जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक होती. मद्रासच्या सिव्हिल सर्जनने त्या काटकुळ्या मुलाला तपासले आणि इंग्लंडची हवा याला मानवणार नाही, असा निर्वाळा दिला. तेथे गेलास तर क्षयाने मरशील, असेच त्याने बजावले, असे रामन पुढे सांगत. त्या डॉक्टरचे आपण कायमचे ऋणी आहोत, अशी पुस्तीही ते जोडत.

ही पुस्ती नोबेलनंतरची आहे, हे विसरू नये. १९०७ साली १८ वर्षांच्या मुलाला त्या निर्वाळ्याबद्दल कृतज्ञता वाटली असेल, असे मला वाटत नाही. हिंदुस्थानात भौतिकशास्त्रात संशोधन करून पोट भरण्याची सोय त्या काळी जवळजवळ नव्हती. तेव्हा रामन यांनी थोरल्या भावाप्रमाणेच सरकारी हिशेबखात्याची परीक्षा दिली, तीत पहिला क्रमांक मिळवला आणि १९०७ च्या मध्यास ते कलकत्त्याला सहायक अकौंटंट जनरल म्हणून रुजू झाले. पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. बऊबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था त्यांना सापडली. कचेरीच्या आधी आणि कचेरीच्या नंतर, पहाटे आणि रात्री, ते तेथे प्रयोग करू लागले. मध्ये रंगून आणि नागपूर येथे बदल्या झाल्या. हा क्रम सुमारे १० वर्षे चालला. ‘परदेशी न जाताही मोठे होता येते’ याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. १० वर्षे, दिवसाचा मुख्य भाग हिशेबांच्या वह्यांत घालवून, हा हिशेब मात्र त्या दाखल्यात कोणी मांडत नाही.

मला याहून मोलाचा वाटणारा प्रसंग पुढचा आहे. कलकत्ता विद्यापीठात तारकनाथ पालित यांच्या देणगीतून भौतिकशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले, आणि कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी त्यासाठी रामन यांची निवड केली. देणगीच्या नियमांत एक अट होती: प्राध्यापकाने परदेशात शिक्षण घेतलेले असावे. रामन यांना सुचवण्यात आले की, आता जाऊन यावे. त्यांनी नकार दिला. पूर्वी जाऊ दिले नाही. आता केवळ शिक्का मारून घेण्यासाठी जाणार नाही, असा त्या नकाराचा अर्थ मी लावते. अखेर मुखर्जींनी ती अट बाजूला सारली आणि १९१७ साली रामन सरकारी नोकरी सोडून, कमी पगारावर, प्राध्यापक झाले. नियम वाकवणारा एक माणूस योग्य खुर्चीवर बसलेला असणे, हा रामन यांच्या यशातील घटक आहे. त्याची गणती आपण ‘जिद्द’ या शब्दाखाली करून टाकतो.

ते प्रथम परदेशी गेले १९२१ साली, ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेसाठी. परतताना ‘नारकुंडा’ या बोटीवर भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना अस्वस्थ केले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचे स्पष्टीकरण त्यांना पटेना. ध्रुवण तपासण्याचा निकॉल लोलक जवळ होता. त्यातून पाहत पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी गाळून टाकला, तरी निळाई उरलीच. पाणी स्वतःच प्रकाशाचे प्रकीर्णन करीत होते. ‘नेचर’ला पाठवलेल्या त्यांच्या टिपणाखाली ठिकाण आहे मुंबई बंदर, तारीख २६ सप्टेंबर. तेथून २८ फेब्रुवारी १९२८ पर्यंतचा रस्ता सरळ नसला, तरी सलग आहे.

त्याच १९२८ च्या उन्हाळ्यात एक १७ वर्षांचा मुलगा सुट्टीसाठी कलकत्त्याला, काकांच्या प्रयोगशाळेत आला. घरात त्याला चंद्र म्हणत. काही महिन्यांपूर्वीच लागलेल्या शोधाचा उत्साह तेथे ओसंडत होता. प्रयोगात आपला हात चालत नाही, हे चंद्रच्या लक्षात येत होते. त्याला ओढ होती गणिताची. (या वयातील मुलाला मी एकवचनातच संबोधणार आहे, आदरार्थी बहुवचनाने तो लगेच नोबेलविजेता दिसू लागतो.) वडील सी. सुब्रह्मण्य अय्यर हिशेबखात्यात अधिकारी होते. मुलाने आय.सी.एस. व्हावे, ही त्यांची इच्छा. रामानुजनच्या कथेने भारलेल्या मुलाला गणित हवे होते. तडजोड म्हणून त्याने प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र घेतले आणि तो गणिताच्या वर्गांनाही जाऊन बसू लागला.

परदेशी शिक्षणाच्या निर्णयाचा विचार करताना आपण अर्जापासून सुरुवात करतो. चंद्रच्या बाबतीत तो निर्णय प्रत्यक्षात एका हॉटेलच्या खोलीत सुरू झाला. १९२८ च्या शरद ऋतूत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड व्याख्यानासाठी मद्रासला आले होते. त्यांचे अणुरचनेवरचे प्रसिद्ध पुस्तक या मुलाने एकट्याने वाचून काढले होते. तो त्यांना हॉटेलात जाऊन भेटला आणि आपण ते पुस्तक वाचले आहे, असे त्याने सांगितले. झोमरफेल्ड यांनी त्याला शांतपणे सांगितले की, त्या पुस्तकातले भौतिकशास्त्र आता जुने झाले आहे. श्रोडिंगर, हायझेनबर्ग, डिरॅक यांनी मधल्या काळात सारे बदलून टाकले होते. परंतु झोमरफेल्ड त्याला निराश करून थांबले नाहीत. धातूंतील इलेक्ट्रॉनांवरच्या आपल्या अद्याप प्रसिद्ध न झालेल्या लेखाची मुद्रिते त्यांनी त्याच्या हाती ठेवली.

त्या मुद्रितांतून चंद्र नवे सांख्यिकीय भौतिकशास्त्र शिकला आणि काही महिन्यांत कॉम्प्टन प्रकीर्णनावर त्याने स्वतःचा लेख लिहिला. तो कोणाकडे पाठवायचा? या विषयावर केंब्रिजचे राल्फ फाउलर काम करतात, हे वाचनालयात कळले होते. ओळख ना पाळख, त्याने तो लेख त्यांना टपालाने पाठवला. फाउलर यांनी सुधारणा सुचवल्या आणि लेख रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’कडे पोचवला. तो १९२९ साली छापला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात हायझेनबर्ग मद्रासला आले, तेव्हा त्यांना शहर दाखवण्याचे काम या विद्यार्थ्याकडे होते. जानेवारी १९३० मध्ये अलाहाबादच्या विज्ञान काँग्रेसला तो गेला. मेघनाद साहा यांनी तेथे त्याची आवर्जून दखल घेतली. आता केंब्रिजला जाणे म्हणजे एखाद्या नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश घेणे राहिले नव्हते. कोणत्या माणसाकडे, कोणता प्रश्न घेऊन जायचे, हे मुलाला ठाऊक होते. माझ्या वर्गातील बहुतेकांना, मला धरून, अर्ज करताना हे ठाऊक नव्हते; आम्ही क्रमवारीची यादी पाहत होतो.

१९३० च्या सुरुवातीस कॉलेजच्या प्राचार्यांनी चंद्रला बोलावून सांगितले की, इंग्लंडमध्ये संशोधन करण्यासाठी त्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळू शकेल. आणि येथून पुढे या गोष्टीतील सोपेपणा संपतो.

आई, सीतालक्ष्मी, गंभीर आजारी होती. १० भावंडांत चंद्र थोरला मुलगा. त्या काळी इंग्लंडला जाणे म्हणजे तीन आठवड्यांचा प्रवास आणि काही वर्षांची अनुपस्थिती; निघालेल्या मुलाची आणि अंथरुणावरल्या आईची पुन्हा भेट होईल, याची शाश्वती कोणाला वाटत नव्हती. नातेवाइकांनी विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे म्हणता येत नाही. मुलगाही डळमळला. त्याने जावे, असा आग्रह धरला तो आईनेच. हा मुलगा आपल्यापुरता नाही, जगासाठी आहे, अशा आशयाचे तिचे बोलणे चंद्रशेखर यांनी पुढे अनेक वर्षांनी चरित्रकार कामेश्वर वाली यांना सांगितले. या बाईंविषयी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: औपचारिक शिक्षण थोडेच झालेले असूनही त्यांनी इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक तमिळमध्ये आणले होते. उंबरठा ओलांडून जाणाऱ्या नोराची ती गोष्ट. तिचे संवाद आपल्या भाषेत बसवताना कोणते विचार मनात आले असतील, याचा अंदाज मी करीत नाही. पण ‘त्यागमूर्ती माता’ या ठरीव चौकटीत ही बाई मावत नाही, एवढे खरे.

चंद्र मुलगी असता तर? त्याच मद्रास इलाख्यातल्या जानकी अम्माळ या वनस्पतिशास्त्रज्ञेकडे पाहावे. १८९७ साली तेल्लिचेरीत जन्मलेल्या जानकीपुढे एकीकडे घरच्यांनी योजलेला विवाह होता आणि दुसरीकडे अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची, आशियाई स्त्रियांसाठीची बार्बर शिष्यवृत्ती. तिने शिष्यवृत्ती घेतली, लग्न कधीच केले नाही, आणि १९३१ साली त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून कोइमतूरला उसाच्या संकरावर मोलाचे काम केले. चंद्रला आई आणि प्रवास यांतून निवडावे लागले, जानकीला संसार आणि प्रवास यांतून. परत आल्यावर लग्न करण्याचा मार्ग चंद्रला मोकळा होता आणि त्याने तो घेतलाही. आपल्या आनंदीबाई जोशींची १८८३ ची कथा मराठी वाचकाला पाठ आहे. तिचा उच्चार पुरे.

जुलै १९३०. मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, देशभर कायदेभंग चालू होता. साऱ्या देशातले तरुण कॉलेजे सोडत असताना राज्यकर्त्यांच्या देशात, त्यांच्याच शिष्यवृत्तीवर शिकायला जाणे, हा प्रश्नही त्या सामानात होता. त्याच महिन्यात कलकत्त्यात काकांनी, पारितोषिक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी, स्टॉकहोमला वेळेवर पोचता यावे म्हणून बोटीची तिकिटे काढून ठेवली होती, असे सांगतात. ३१ जुलै रोजी पुतण्याची ‘पिल्सना’ ही बोट मुंबईहून सुटली.

पावसाळ्याचा अरबी समुद्र. एडनपर्यंत बोट हेलकावत होती. पुढे समुद्र शांत झाला तेव्हा चंद्र डेकवर खुर्ची टाकून कागद घेऊन बसला. सोबत एडिंग्टन यांचे ताऱ्यांच्या अंतर्रचनेवरचे पुस्तक होते. प्रश्न असा होता: इंधन संपलेला तारा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाखाली आक्रसत जातो, तो कशाने थांबतो? फाउलर यांनी १९२६ साली उत्तर दिले होते की, दाटीवाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, त्यामुळे त्यांचा एक दाब निर्माण होतो आणि तो ताऱ्याला तोलून धरतो. हे श्वेतबटू तारे. चंद्रच्या लक्षात आले की, ताऱ्याच्या गाभ्यात या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या जवळ जातो, म्हणजे सापेक्षता सिद्धांत लावलाच पाहिजे. तो लावल्यावर दाबाचे सूत्र बदलते, आणि बदललेल्या सूत्रातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो: ठरावीक वस्तुमानापेक्षा जड ताऱ्याला हा दाब तोलूच शकत नाही. त्याने प्रथम काढलेली मर्यादा सूर्याच्या ०.९१ पट होती. ताऱ्याच्या घटकद्रव्यांविषयीचे गृहीतक सुधारल्यावर ती सुमारे १.४ पट झाली. आज तिला चंद्रशेखर मर्यादा म्हणतात. काकांचा प्रश्न परतीच्या बोटीवर जन्मला, पुतण्याचा जाण्याच्या. बोटीवर दुसरे काही करण्यासारखे नसते, हेही एक कारण असावे.

१९ ऑगस्टला लंडन. तेथे प्रवेशाच्या कागदपत्रांचा घोळ झालेला निघाला, फाउलर सुट्टीवर गेलेले. त्यांनी लक्ष घातल्यावर तो सुटला. नोव्हेंबरात रामन यांना नोबेल जाहीर झाले. पुतण्या तेव्हा केंब्रिजच्या थंडीत, आपल्याहून किती हुशार माणसे आहेत या जाणिवेने दबून, एकटा राहत होता.

मे १९३१ मध्ये आई गेली.

तो परतला नाही. परतून उपयोगही नव्हता. त्या उन्हाळ्यात तो गटिंगेनला गेला आणि काम करीत राहिला. या जागी मी नेहमी थांबते. माझी पीएच.डी. भारतातच झाली, त्यानंतरच्या संशोधनासाठी मी तीन वर्षे बाहेर होते. त्या काळात आजी वारली. भावाने फोन केला तेव्हा माझ्या यंत्रात नमुना थंड होत होता आणि तो तापमानाला येईपर्यंत मी तेथून हलले नाही. विमानाचे तिकीट त्या रात्री मिळत होते. मी पाहिलेही होते. चंद्रपुढे तीन आठवड्यांचा समुद्र होता, त्यामुळे त्याला निवड नव्हती, मला होती. या फरकाचे काय करायचे, ते मला आजही उमगलेले नाही.

जाण्याचा निर्णय एकदाच होतो, परतण्याचा मात्र पुन्हा पुन्हा करावा लागतो. चंद्रशेखर यांचे वडील पत्रांतून तो विषय काढत राहिले. १९३३ साली डॉक्टरेट आणि ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मिळाली. ११ जानेवारी १९३५ रोजी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत, ज्यांचे पुस्तक बोटीवर सोबतीला होते त्याच एडिंग्टन यांनी या मर्यादेची जाहीर खिल्ली उडवली. १९३६ साली ते भारतात आले, ललिता दोराईस्वामी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि दोघे अमेरिकेला, यर्क्स वेधशाळेकडे निघून गेले. येथे त्यांना साजेशी जागा समोर नव्हती, आणि येथील विज्ञानसंस्थांतल्या गटबाजीची त्यांना धास्ती होती. १९५३ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, याचे वडिलांना फार दुःख झाले.

याउलट होमी भाभा. १९२७ साली मुंबईहून केंब्रिजला गेले ते यंत्र अभियांत्रिकी शिकून टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू होण्यासाठी; तेथून वडिलांना पत्रे लिहून त्यांनी भौतिकशास्त्राची परवानगी मिळवली. १९३९ साली सुट्टीवर आले आणि महायुद्ध पेटल्यामुळे अडकले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, रामन प्रमुख असलेल्या विभागात, त्यांना जागा मिळाली, आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. युद्ध वर्षभर उशिरा सुरू झाले असते तर भाभा परत गेले असते का? बहुधा गेले असते.

आता माझ्या त्या नीटनेटक्या उत्तराकडे. त्यात मी विद्यावेतन, प्रकल्पाला लागणारी वर्षे, मार्गदर्शकाची निवड, परतल्यावर मिळणाऱ्या जागा, सारे लिहिले होते. त्यातले काही चुकीचे नाही. पण या तीन घरांत निर्णय फिरला तो एका सर्जनच्या सहीवर, एका आजारी बाईच्या आग्रहावर, एका युद्धाच्या तारखेवर. आणि तिच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याबद्दल मी एक अक्षरही लिहिले नव्हते. ‘घरची थोडी अडचण’ म्हणजे काय, हे तिला विचारायचे राहूनच गेले. आज रात्री फोन करणार आहे.